रुमालाखालचा भाव

कळमन्याच्या धान्यबाजारात मी एका अडत दुकानाचा दिवाणजी आहे. माणूस पाहून भाव बदलतो याचं मला नवल वाटायचं कारण नाही. जुन्या खरेदीदाराला आम्ही पंधरा दिवसांची उधारी देतो, नव्याकडून रोख मोजून घेतो. ट्रकभर तूर उचलणाऱ्याला आणि दोन पोती नेणाऱ्याला एकच भाव लावला, तर दुकान दिवाळीपर्यंतही टिकायचं नाही. तरी यंदा घरासाठी गाडी घ्यायला निघालो आणि भलत्याच प्रश्नात अडकलो : कुठल्यातरी संस्थेचा सभासद म्हणून मिळणारी सूट घेणं धर्माला धरून आहे का?

हसू नका. शोरूममधल्या पोरानं पाणी दिलं आणि लगेच चौकशी सुरू केली. ‘काका, सरकारी नोकरी? बँक? शिक्षक? घरात कोणी डॉक्टर, सीए? नाही? मग सातबारा तरी असेल न.’ स्थळ पाहायला आलेले लोकही कूळ इतकं खोदून विचारत नाहीत. एकाच पांढऱ्या गाडीचे त्याच्याकडे निदान चार भाव होते आणि ते भिंतीवरच्या फलकावर नव्हते, त्याच्या मोबाइलमध्ये होते. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, ‘कोणाचंही कार्ड आणा, बसवून घेऊ.’

कार्ड घरातच होतं. माझा मेव्हणा फौजेतून निवृत्त होऊन कामठीला राहतो. लष्कराच्या कँटीनमधून गाडी घेतली की जीएसटी निम्माच लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे त्याला पडणार ९. सात-आठ लाखांच्या गाडीत साठेक हजार वाचतात. मेव्हणा म्हणाला, ‘भाऊजी, माझा हक्क तसाच पडून आहे. माझ्या नावावर घ्या, चालवा तुम्ही. पुढं पाहू.’ बायकोला हे एकदम पटलं. पटण्यासारखंच होतं; कोणाच्या खिशात हात घातला जात नव्हता.

आमचे शेठजी जैन. उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र ते पर्युषणात वाचतात आणि मोठ्यानं वाचतात, म्हणून माझ्याही कानावर पडतं. अचौर्यव्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी त्यात सांगितल्या आहेत : चोरीला फूस देणं, चोरीचा माल घेणं, राज्याच्या नियमाला बगल देऊन व्यवहार करणं, मापात कमीजास्त करणं आणि अस्सल म्हणून नक्कल खपवणं. पाचापैकी एकाही गोष्टीत कुलूप तोडायचं नाही. सगळं दुकानात, गादीवर बसून करता येतं. सूत्रकाराला बाजार चांगला ठाऊक असावा. मेव्हण्याच्या नावावरची माझी गाडी तिसऱ्या कलमात चपखल बसते. सरकारनं सोडलेला कर त्यानं सीमेवर काढलेल्या हिवाळ्यांसाठी आहे; मी जानेवारीत कळमन्यात मफलर गुंडाळून बसतो त्यासाठी नाही.

हे तसं सोपं होतं. अवघड आहे ते शोरूमचं कार्ड. ती सूट सरकारची नाही, धंद्याची आहे, आणि धंद्यात कोणाला किती सोडायचं हा मालकाचा अधिकार. मग मन का खातं?

उत्तर मला यार्डातच सापडलं. जुने हमाल हत्त्याची गोष्ट सांगतात. अडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकत, खाली बोटं दाबत आणि भाव ठरे. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा राहून रुमाल पाहत बसे. आज ढिगापुढे उभं राहून बोली पुकारतात. भाव दर ढिगाला वेगळा असतो, शेजारच्यापेक्षा दोनशे रुपये कमीही पडतो, शेतकरी चिडतो, कधी माल परत नेतो. पण कमी का पडला ते त्यानं कानांनी ऐकलेलं असतं. दाणा ओला होता, काडीकचरा होता, दुसरं गिऱ्हाईक थांबलं नाही.

फळबाजारातल्या एका मुसलमान व्यापाऱ्याशी यावर बोललो. तो म्हणाला, आमच्या पैगंबरांनी काफिला बाजारात पोचण्याआधीच वाटेत गाठून माल घ्यायला मनाई केली आहे. विकणाऱ्याला बाजारभाव कळू दे, मग सौदा. एवढं सांगून तो गालातल्या गालात हसला, कारण काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा झाडावर फळ असतानाच सौद्यात जातात, हे दोघांनाही माहीत होतं. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी तर घासाघीसच बंद केली. दहा सांगून सात घ्यायचे म्हणजे आधी खोटं बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक सुरुवातीला बिचकलं. पुढे लक्षात आलं की यांच्या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी ते फसून येत नाही, आणि गर्दी तिकडेच वळली.

मला एकभावाचा एवढा सोस नाही. शिक्षकाला, डॉक्टरला कंपनीनं खुशाल कमी लावावं, पण फलकावर लिहून. देवस्थानांत पैसे भरून दर्शनाची वेगळी रांग असते, तिचा मला राग येतो. तरी तिचा दर निदान पाटीवर असतो आणि फुकटच्या रांगेतल्या म्हातारीला आपण मागे का, ते कळतं. शोरूममधल्या त्या शेजारच्या जोडप्याला काहीच कळणार नव्हतं. माझी सूट काही अंशी त्यांच्या न विचारण्यातून निघणार होती. आमच्या वजनकाट्यावर कोणी असं केलं तर आम्ही त्याला काय म्हणतो, ते इथे लिहिता येत नाही.

मी पोराला म्हटलं, फलकावर असेल तेवढंच दे, पण ह्या दोघांनाही तेच सांग. तो मॅनेजरला विचारून आला आणि म्हणाला, ‘काका, तुमचं करून देतो, पण त्यांचं कशाला काढता?’ दुसऱ्या शोरूममध्ये जुन्या गाडीच्या बदल्यातली रक्कम छापील होती. तिथे बुकिंग केलं. वीसेक हजार जास्त गेले असतील. बायकोच्या हिशेबानं ऐंशी.

मेव्हण्याला मी हे सगळं नीट समजावलं, तत्त्वार्थसूत्रासकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘बरोबर आहे भाऊजी. पण दर होळीला मी तुमच्यासाठी कँटीनची बाटली आणतो, तिच्यावरबी लिहिलेलं असते न, फक्त फौजेसाठी.’

मी म्हटलं, ती भेट आहे, सौदा नाही.

‘मंग गाडी भेट देऊ?’ तो म्हणाला. शेठजींना विचारायची सोय नाही. ते पीत नाहीत.