वाफेवरचं पथ्य

उकडीचा मोदक खाल्ला तर पथ्य मोडलं असं म्हणायचं का? आमच्या शिरढोणच्या घरी गणपती आले की हा प्रश्न मला छळतो.

डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर शोधून काढली, तेव्हापासून मी 'उकडीचा' या शब्दाला धरून आहे. पुतण्या पनवेलला मोमो खातो, त्याचंही तेच. "काका, तळलेलं नाहीये, वाफवलेलं आहे!" वाफेला तेल लागत नाही, हे खरं. पण बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस ही लबाडी ओळखतो. तेलाच्या खात्यातली शिल्लक दाखवायची आणि गुळाची थकबाकी झाकायची! शिवाय मोमोचा मैदा काय नि मोदकाची तांदळाची पारी काय, पोटात जाऊन दोघांची साखरच होते.

मग सोडावा म्हटलं. याच गावात जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्याला लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. त्यांनी १८७९ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं, पुढे एडनच्या तुरुंगात अन्न सोडलं आणि १८८३ साली तिथंच देह ठेवला. आमच्यात सारखी म्हणाल तर कारकुनी तेवढी. मला एक मोदक सुटत नाही.

कारण मोदक आई करते. पंच्याहत्तरीची आहे, हात कापतात, पण कळ्या अजून नखाएवढ्या पाडते. हळदीच्या पानावर वाफवलेला, वर तूप सोडलेला तो मोदक पुढे आला की 'नको' म्हणायचं कोणत्या तोंडानं? खाल्ला तर डॉक्टरांशी खोटं, नाकारला तर आईशी वाईट.

गेल्या चतुर्थीला ती नारळ खवत होती, तेव्हा तिला एक चिनी दंतकथा सांगितली. तिसऱ्या शतकातला झुगे ल्यांग हा मुत्सद्दी सैन्य घेऊन नदीपाशी अडला. नदीला माणसांची डोकी वाहा, असं त्याला सांगण्यात आलं. यानं पिठात मांस भरून खोटी डोकी केली आणि ती वाहिली. नदी शांत, माणसं वाचली!

"शहाणा होता हो," आई म्हणाली आणि खवत राहिली.

दुपारी पानात मोदक आला. मी डोळे मिटून अख्खा तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणीच आलं. आत हिरवी मिरची, कोथिंबीर, खोबरं. निवगरीचा मसाला, मोदकाच्या वेषात!

"गणपतीला गोडाचाच दाखवलाय," आई म्हणाली. "तुझा तेवढा त्या चिन्यासारखा."

असे मी पाच खाल्ले. पारी तांदळाचीच होती, हे डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.