पाहुण्याचे स्मरण

संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात स्मृतीला विशाल प्रासादाची उपमा दिली आहे. हा प्रासाद मोठा विलक्षण. बाहेरच्या जगात मोडलेले, बुडालेले सारे तेथे शाबूत उभे असते. परंतु म्हणूनच प्रश्न पडतो : जे आपण स्मरतो, त्यावर आपण प्रेम करतो असे म्हणता येईल काय?

कयाधूकाठच्या आम्हां हिंगोलीकरांना समुद्र फार दूरचा. त्यामुळेच रायगड जिल्ह्यातील दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावे ज्याने एकदा पाहिली, त्याच्या मनातून ती जात नाहीत. किनाऱ्यावरचे सुरूचे बन, त्यामागे नारळी-पोफळींच्या गर्द वाड्या, मिरीचे वेल, घरगुती खानावळीतले आतिथ्य! दुष्काळी मुलखातून गेलेल्या माणसाला ती सावलीच स्वर्गासमान वाटते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने या किनाऱ्यावर आले आणि काही तासांतच वाड्या आडव्या झाल्या.

बातमी ऐकून पाहुणा हळहळला आणि वाडीवालाही रडला. पण दोघांचे दुःख एक नव्हते. पाहुण्याची सावली गेली होती, वाडीवाल्याची वर्षे गेली होती. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. साठी उलटलेला बागाईतदार नवे रोप लावतो, ते बहुधा नातवासाठीच. भरपाई प्रथम हेक्टरी ५० हजार रुपये ठरली. पण कोकणातली वाडी हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजली जाते. मग झाडांचा हिशेब झाला : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. शासनाला कोणता तरी आकडा धरावाच लागतो. परंतु झाडाला दर लावता येतो, आजोबांनी घातलेल्या पाण्याला तो लावता येत नाही.

अॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले : उपयोगासाठी, सुखासाठी, आणि मित्राच्या भल्यासाठी. पहिल्या दोन मैत्री कारण सरले की सरतात. पाहुण्याची गावाशी मैत्री सुखाची असते. ती खोटी म्हणता येणार नाही. पुष्कळ खऱ्या मैत्रींचा उगम सुखातच असतो. मात्र तिची कसोटी वादळानंतर लागते.

कारण स्मरणाला एक हट्ट असतो : सारे पूर्वी होते तसेच हवे. कौलांच्या जागी पत्रा आला, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, की पाहुणा म्हणतो, "आता पूर्वीचे कोकण राहिले नाही." पण त्या छपराखाली पुढचे वादळ कोण काढणार आहे? बाहेरच्यांच्या मनातले चित्र गावकऱ्यांवर लादले गेले की काय होते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसविली गेली. हेतू चांगला होता, मदत मोठी होती. तरी सरळ आखलेल्या रुंद रस्त्यांत जुनी गल्ली आणि शेजार हरवला, ही खंत त्या गावांतून पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. कोकणातला पाहुणा जुने तसेच ठेवा म्हणतो, किल्लारीला नवे बांधून दिले गेले. चूक मात्र एकच : राहणाऱ्याला विचारायचे राहून गेले.

म्हणून आम्हांस वाटते, गावाचे रूप कसे असावे हे ठरविण्याचा पहिला अधिकार तेथे राहणाऱ्याचा. पाहुण्याच्या स्मरणाला अधिकार नाही, कर्तव्य आहे. खुशाली विचारावी. सुपारी घ्यावी, ती तेथल्याच माणसाकडून, घासाघीस न करता. आणि मुख्य म्हणजे पुन्हा जावे. रोपे अजून गुडघ्याएवढी असताना, सावली नसताना जावे. सावलीसाठी कोणीही जातो. उन्हात जो जाऊन बसतो, त्याचेच स्मरण प्रेम ठरते.