लोखंडाला आलेला घाम

मरिन परेड, सिंगापूर

चि. बाळ,

परवा फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. लेथ घरी येऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच बेडवर तांबूस ठिपके उठले, चकच्या जबड्यांवर तुझ्याच बोटांचे ठसे गंजून उमटले, आणि दुकानदाराने जुनं मशीन गळ्यात मारलं असं तू म्हणालीस. तुझे फोटो मी दोनदा निरखून पाहिले. मशीन नवंच आहे आणि बऱ्यापैकी आहे. ते ज्या हवेत आलंय, त्या हवेशी तुझी अजून ओळख झालेली नाही, एवढंच. बारीक गोष्टी फोनवर निसटतात, म्हणून सगळं कागदावर उतरवतोय.

मी राहतो ती जमीनच मुळी समुद्र हटवून काढलेली आहे. 1966 साली पूर्व किनाऱ्यावर भराव घालायला सुरुवात झाली आणि मरिन परेडच्या इमारती पुढच्या दशकात त्यावर उभ्या राहिल्या. त्याआधी काटोंगमधल्या किनाऱ्यालगतच्या बंगल्यांच्या आवारापर्यंत भरती येत असे. आता समुद्र महामार्गापलीकडे गेला, पण सकाळी उद्यानात फिरताना नांगर टाकून थांबलेली जहाजं दिसतात आणि ओठांवर मीठ लागतं. तेच मीठ खिडकीतून तुझ्या बेडोकच्या घरातही येतं. इथे पहाटे हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर असते. कोरड्या दुपारी ती 60 पर्यंत उतरते. उघडं लोखंड साधारण तिथपासून पुढेच झपाट्याने गंजायला लागतं. मीठ बसलं असेल तर तेवढ्याचीही गरज नाही, कारण मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं. तुझ्या बोटांच्या घामातही मीठच असतं. ठसे का गंजले, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल.

पण खरा घोळ एसीचा आहे. एसी लावून काम करते आणि शेवटी तेलाचा वास जावा म्हणून खिडकी उघडते, असं तू सहज बोलून गेलीस. खोली 22 अंशांवर असते आणि दोन तासांत लेथचं लोखंडही तेवढंच थंड होतं. बाहेरच्या हवेचा दवबिंदू इथे बहुतेक वेळा 24 अंशांच्या आसपास असतो. खिडकी उघडलीस की बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला घाम येतो तसा सगळ्या मशीनला येतो. तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही, पण रात्रभर बसून राहतो. म्हणून आधी एसी बंद कर, पंखा चालू ठेव, तासाभराने खिडकी उघड. मशीनवर प्लास्टिक घालू नकोस, आत ओल कोंडते. जुन्या जाड चादरीची खोळ शिवून घे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. 1974 साली मी कोल्हापूरहून इथे आलो. तेव्हा या देशाला हाताने अचूक काम करणारी माणसं हवी होती. टाटांनी सरकारबरोबर मिळून 1972 मध्ये इथे टूल-डाय मेकर घडवणारं प्रशिक्षण केंद्र काढलं होतं, पाठोपाठ रोलाय आणि फिलिप्सबरोबरही तशी केंद्रं निघाली. आपल्या पुण्याच्या टेल्कोत मोटारींच्या आधी शिकाऊ मुलांची शाळा आणि मशीन टूल विभाग उभा राहिला होता, त्याच विचाराचं ते रोप होतं. मी काम करत होतो तो कारखाना छोटा होता, नाव सांगण्यासारखा नव्हता. निघताना वडिलांनी त्यांचा गुण्या मला दिला. शिवाजी उद्यमनगरात वर्षानुवर्षं वापरलेला, आणि धारेवर उजेड धरला तर केसाएवढी फट दिसणार नाही असा. मी तो चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवला. डिसेंबरचा पाऊस सरल्यावर काढून पाहिला, तर पात्यावर खड्डे पडलेले. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला खातात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं. तो गुण्या अजून भिंतीवर आहे. त्याने काटकोन तपासता येत नाही. आजही त्याच्याकडे बघितलं की पोटात कालवतं.

आता तुझ्या ठिपक्यांचं. पॉलिश पेपर अजिबात लावू नकोस. त्याचे कण बेडवर रुततात आणि पुढे प्रत्येक फेरीला कॅरेज ते कण घासत नेतं. पातळ तेल टाक, अर्धा तास थांब आणि सर्वांत बारीक स्टील वूलने हलक्या हाताने लांबीच्या दिशेने चोळ. खाली काळसर डाग उरला तर उरू दे, त्याने मापात फरक पडत नाही. व्हिनेगरमध्ये सुटे भाग बुडवायचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं आणि नीट धुतलं-वाळवलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गंज.

निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा तू वंगण म्हणून वापरतेस, तेही थांबव. त्याच्या नावातली इंग्रजी अक्षरं पाणी हटवणं या अर्थाची आहेत आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. 1953 साली अमेरिकेत पाणी हुसकावण्यासाठीच ते बनवलं गेलं. ओल हटवायला उत्तम, पण थर पातळ राहतो. बेडला 68 नंबरचं स्लाइड-वे तेल लाव, कॉटन वेस्टने अंगभर पसरून. हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेव. जुने मिस्त्री ठेवत आले आहेत, कापराची वाफ लोखंडावर बसते. वडी उडून गेली की नवी ठेवायची.

आता धारेबद्दल. लहान लेथसाठी तू कार्बाइडच्या टिप्स मागवल्या आहेस. त्यांना वेग हवा, ताकद हवी आणि न थरथरणारं मशीन हवं. तुझ्या मशीनकडे यातलं फारसं काही नाही. हायस्पीड स्टीलचा तुकडा हाताने घासून केलेलं टूल तुझ्याकडे जास्त गोड चालेल. पुढचा आणि बाजूचा उतार 8 ते 10 अंश, माथ्यावरचा उतार स्टीलला थोडा, पितळेला शून्य. पितळेला उतार दिलास की टूल स्वतःहून आत ओढलं जातं. ग्राइंडरवरून काढल्यावर ऑइल स्टोनवर दोन-चार हात मार, धार नखावर घसरता कामा नये. आणि त्या चाकावर ॲल्युमिनियम किंवा पितळ कधीही धरू नकोस. चाकाची भोकं बुजतात, चाक तापतं आणि फुटू शकतं.

25 मिलिमीटरच्या साध्या स्टीलच्या गजाला मिनिटाला 380 च्या आसपास फेरे पुरतात. मग कान दे. धारदार टूल सळसळतं, बोथट झालं की कुरकुरतं, मग किंचाळतं. तू कानात गाणी घालून काम करतेस, हे मला मुळीच आवडलेलं नाही. शिकाऊ असताना आमच्याकडे एक वयस्क टर्नर होते. ते पाठमोरे उभे राहून माझं टूल काढायची वेळ झाली हे सांगत. सहा महिन्यांनी मलाही ऐकू यायला लागलं. गाण्यांमुळे ते सहा महिने तुझ्या वाट्याला येणारच नाहीत.

माप चुकतंय म्हणालीस, त्याचंही कारण बहुधा साधं आहे. जगातली सगळी मापं 20 अंश तापमानाला धरलेली असतात. एसी बंद असला की तुझी दुपारची खोली 30 अंशांची. 100 मिलिमीटरचं स्टील तेवढ्याने एका शतांश मिलिमीटरहून थोडं जास्त लांबतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मायक्रोमीटरही स्टीलचाच, म्हणून स्टील मोजताना तोही बरोबर वाढतो आणि भागून जातं. ॲल्युमिनियम मोजताना भागत नाही. नुकतं कापलेलं कुठलंही काम हाताला गार लागेपर्यंत मोजायचं नाही. आणि मायक्रोमीटर ठेवताना तोंड मिटून ठेवू नकोस, दोन्ही जबड्यांत बारीक फट राहू दे.

एक गोष्ट मात्र मी विनवणी म्हणून लिहीत नाही, हुकूम म्हणून लिहितोय. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. चावी चकमध्ये असताना ती हातातच हवी. केस घट्ट बांधायचे, ओढणी, लांब बाह्या, हातमोजे, अंगठी, काही नाही. एका कारखान्यात माझ्यासमोर चावी उडाली आणि शेजारच्या मुलाच्या गालाचं हाड मोडलं. तो माझ्याहून एकच वर्षाने मोठा होता.

शेजाऱ्यांचंही बघ. रात्री उशिरा इथे शांतता पाळायची असते. तू दहाला थांब आणि पुढचा अर्धा तास ब्रश, कॉटन वेस्ट आणि बुदली यांना दे. चकचे जबडे बाहेर काढून त्यांच्या खाचांतला कीस झाड, टेलस्टॉकचं नळकांडं पुसून तेलकट कर, कानस ब्रशने साफ करून खडू घास म्हणजे पुढच्या वेळी ॲल्युमिनियम दातांत अडकणार नाही. हा अर्धा तास कामातलाच समज. मी तर कित्येकदा याच वेळात उद्याच्या कामातली अडचण सोडवली आहे.

खंडेनवमी जवळ आली आहे. कोल्हापुरात आदल्या दिवशी आम्ही दुपारनंतर काहीच कापत नसू. सगळी मशीनं रॉकेलने धुऊन, तेल लावून, संध्याकाळपर्यंत काच झाल्यासारखी. झेंडूची माळ दुसऱ्या दिवशी, आधी ही धुलाई. इथे मी बफेलो रोडवरून माळा आणतो. या वर्षी एक माळ जास्त आणीन. तू आदल्या दिवशी सकाळीच ये, मरिन परेड स्टेशनवर उतर, तुझा चक आणि त्याचे तिन्ही जबडे फडक्यात गुंडाळून आण, चामड्याच्या पिशवीत नको. जबड्यांवर 1, 2, 3 आकडे कोरलेले असतील, ते पुसट झाले असतील तर भिंग मी काढून ठेवतो. आईला सांग, जेवायला माझ्याकडेच आहेस.

तुझा,
मामाआजोबा