सर्वसंमतीचं भरीत

भुसावळच्या माणसाने यंत्राविरुद्ध बोलू नये. ज्या गावाला इंजिनाच्या शिटीनं जाग येते, त्यानं कोणत्या तोंडानं बोलावं? तरी मी बोललो. त्याचं असं झालं.

एका लग्नासाठी वर्ध्याला गेलो होतो. पंगत उठल्यावर दुपार उरली, म्हणून पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम पाहायला गेलो. विनोबा आम्हां खानदेशवाल्यांना परके नव्हेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढे १९५९ साली त्यांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. शेती, स्वयंपाक, झाडलोट भगिनींनी स्वतः करायची आणि निर्णय घ्यायचा तो सर्वसंमतीनं.

एक वयस्कर भगिनी भाजी निवडत होत्या. मी विचारलं, "एकीनंच नाही म्हटलं तर?"

"तर थांबायचं," त्या म्हणाल्या. हात मात्र थांबले नाहीत.

परतीच्या गाडीत मला अमेरिकेतले आमिश लोक आठवले. आपण त्यांना घोडागाडीतले हट्टी शेतकरी समजतो. पण नवी वस्तू आली की ते आधी विचार करतात, की हिच्यामुळे आपली माणसं जवळ येतील की दुरावतील? म्हणून कित्येकांचा टेलिफोन घराबाहेरच्या खोपटात असतो. आणि आमच्याकडे? मिक्सर आला तेव्हा कोणी कोणाला विचारलं होतं? पूर्वी भरताची वांगी भाजून ठेचली जायची, भोवती सगळं घर गोळा व्हायचं. आता अर्ध्या मिनिटात घर्र होतं आणि जो तो आपापल्या मोबाइलकडे पांगतो.

घरी येताच मी सभा बोलावली आणि मिक्सर माळ्यावर टाकण्याचा ठराव मांडला. नातवानं हात वर केला. सून गप्प राहिली. सौ. म्हणाली, "पवनारला ठरवतं कोण?"

"त्या भगिनी."

"आणि राबतं कोण?"

"त्याच."

"मग इथे ठरवणारे तुम्ही आणि ठेचणारी मी, असं का? वांगी ठेचताना सगळं घर भोवती असायचं खरं, पण ते बसलेलं असायचं. तुम्ही ठेचणार असाल तर माझी संमती आहे."

माझी वाचाच बसली. साधेपणाचं एवढं कौतुक केलं, पण तो कोणाच्या खांद्यावर उभा होता हे कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी मी दीड किलो वांगी ठेचली. घर भोवती बसलं होतं, सौ. सर्वांत पुढे. भरीत उत्तम झालं. सोमवारी मला उजवा हात वर करता येईना.

त्यामुळे मिक्सर परत आणण्याच्या ठरावाला मी डावा हात वर केला. ठराव सर्वसंमतीनं मंजूर झाला. आमच्या घरातला तो पहिलाच.