दलालाची वाणी आणि सम्यक् आजीविका

जमिनीच्या व्यवहारात दलाल हा जमिनीचा मालक नसतो आणि ती घेणाराही नसतो; त्याच्यापाशी विकण्याजोगे असते ते केवळ त्याची माहिती, त्याची ओळख आणि त्याचा शब्द, आणि म्हणूनच त्याच्या उपजीविकेचा नैतिक विचार हा मुख्यतः वाणीचा विचार ठरतो. भंडारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या कडेने, भंडारा, लाखनी आणि साकोली या गावांभोवती, धानाच्या बांध्यांमध्ये जसजसे लेआउट पडत गेले, तसतशी ही वाणी चावडी आणि चहाटपरीवरून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर, फेसबुकवर आणि रीलवर गेली. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला दिले जाणारे सल्ले आता ठरून गेले आहेत: नातलग, वर्गमित्र, समाजमंडळ, भिशी, भजनी मंडळ या सर्वांचे क्रमांक यादीत घ्यावेत, रोज काहीतरी टाकत राहावे, सणावाराला शुभेच्छा चुकवू नयेत, लोकांच्या सुखदुःखात दिसत राहावे. व्यवहार म्हणून या सल्ल्यांची उपयुक्तता मान्य केली, तरी धर्मविचाराच्या बाजूने एक मूलभूत प्रश्न उरतोच, आणि तो असा की ओळखीचे गिऱ्हाइकात रूपांतर करणे हा मैत्रीचा व वाणीचा गैरवापर आहे, की तोही शुद्ध उपजीविकेचा एक मार्ग होऊ शकतो.

या प्रश्नाचा विचार बौद्ध परंपरेच्या आधारे करणे भंडाऱ्यापुरते तरी स्वाभाविक आहे. जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि दात्यांची नोंद करणारे छोटे ब्राह्मी लेख मिळाले, म्हणजे संघाला दान देणारा गृहस्थ वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वीही होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर पंचशील हे या जिल्ह्यातील गावोगावच्या विहारांत नित्य म्हटले जाणारे व्रत झाले आहे. पंचशीलातील चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे, तर अष्टांगिक मार्गातील सम्यक् आजीविका म्हणजे कोणाचेही अहित न करता, योग्य मार्गाने पोट भरणे.

अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. जमिनीची मध्यस्थी त्यांत नाही, त्यामुळे हा धंदाच मुळात निषिद्ध आहे असे म्हणायला आधार नाही. मात्र मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेची जी व्याख्या येते ती धंद्याच्या वस्तूवर उभी नसून धंदा मिळवण्याच्या पद्धतीवर उभी आहे, आणि इथेच प्रस्तुत प्रश्नाचा गाभा आहे. तेथे पाच गोष्टी सांगितल्या आहेत: कुहना, म्हणजे सत्शीलतेचा देखावा करणे, लपना, म्हणजे गोड बोलून गळी उतरवणे, नेमित्तिकता, म्हणजे उघड न मागता सूचक बोलून समोरच्याकडून काढून घेणे, निप्पेसिकता, म्हणजे दुसऱ्याला कमी लेखून दबाव आणणे, आणि लाभाने लाभ मिळवू पाहणे, म्हणजे थोडे देऊन पुष्कळ उकळणे. भाष्यकार बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात या पाचांचे विवरण केले आहे ते भिक्षूला अनुलक्षून, आणि त्यामुळे ते गृहस्थाला लागू करावे की नाही अशी शंका घेता येईल. परंतु भिक्षू ज्याप्रमाणे गृहस्थाच्या श्रद्धेवर जगतो त्याप्रमाणे दलाल त्याच्या विश्वासावर जगतो, दोघांनाही स्वतःचा माल नसतो, आणि म्हणून भिक्षूसाठी सांगितलेली ही कसोटी दुकानदारापेक्षाही दलालाला अधिक चपखल लागू पडते.

समाजमाध्यमांवरील व्यवहार या पाचांच्या उजेडात पाहिला की पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. ‘फक्त दोनच प्लॉट शिल्लक’ हे वाक्य प्रत्यक्षात अर्धा लेआउट रिकामा असताना लिहिले तर ते सरळ असत्य आहे, आणि खरोखर दोनच उरले असतील तर ती माहिती आहे; परंतु ‘ज्यांनी मागच्या वर्षी घेतले ते आज हसत आहेत’ यासारख्या वाक्यात कोणतेही विधान नसून फक्त सूचना असते, त्यामुळे ते खोटे ठरवता येत नाही आणि तरीही वाचणाऱ्याच्या मनात भीती व लोभ एकाच वेळी जागे करते. हीच नेमित्तिकता. प्लॉट घेणाऱ्याला दुचाकी किंवा सोन्याचे नाणे भेट देण्याची योजना, जिची किंमत अखेर त्याच प्लॉटच्या दरात असते, ती पाचव्या प्रकारात बसते. याहून गंभीर बाब कुहनेची आहे. १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, गणेशोत्सवाला किंवा आषाढीला, महामानवाच्या वा देवाच्या प्रतिमेखाली स्वतःचे छायाचित्र, मोबाइल क्रमांक आणि लेआउटचे नाव छापलेली शुभेच्छा जेव्हा शेकडो लोकांना जाते, तेव्हा वंदनेचा आणि विक्रीचा हेतू एकाच चित्रात मिसळतो, आणि श्रद्धेमुळे आलेला मनाचा मवाळपणा व्यवहारासाठी वापरला जातो. अशी शुभेच्छा पाठवणारा प्रत्येक जण लबाड असतो असे मुळीच नाही, अनेकांच्या मनात भाव खराच असतो. पण भाव खरा असेल तर त्याखाली लेआउटचे नाव कशाला हवे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाही.

मैत्रीचा प्रश्न दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात आला आहे, आणि हे सुत्त गृहस्थासाठीच असल्यामुळे त्याची साक्ष अधिक थेट आहे. मित्राच्या रूपात येणाऱ्या शत्रूंचे तेथे चार प्रकार केले आहेत, त्यांतील पहिला तो, जो केवळ घेण्यासाठी येतो, थोडे देऊन पुष्कळाची अपेक्षा ठेवतो आणि स्वतःच्या लाभासाठी जवळीक करतो. वर उल्लेखिलेले सल्ले अक्षरशः पाळणारा माणूस या वर्णनाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचतो. परंतु त्याच सुत्तात खऱ्या मित्राच्या चार प्रकारांपैकी एक असा आहे की जो हिताचे सांगतो, अनिष्टापासून आवरतो आणि पूर्वी न ऐकलेले ऐकवतो. म्हणजे ओळखीच्या माणसाशी व्यवहार करणे हा दोष नाही. त्या माणसाने न ऐकलेले, पण ऐकायला हवे असलेले, त्याला ऐकवले गेले की नाही यावर मैत्रीचा खरेखोटेपणा ठरतो.

भंडारा जिल्ह्यात ‘न ऐकलेले’ म्हणजे काय, हे नेमके सांगता येते. मे महिन्यात काढलेल्या छायाचित्रात जमीन कोरडी, सपाट आणि मोकळी दिसते. तीच जागा मुळात धानाची खोलगट बांधी किंवा बुजवलेली बोडी, म्हणजे शेतातले लहान तळे, असेल तर श्रावणात तेथे गुडघाभर पाणी साचते, आणि ते पाणी छायाचित्रात नसते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराच्या वस्त्या आणि काठची गावे पाण्याखाली गेली, आणि गोसीखुर्द धरणाचा फुगवटा नदीपात्रातून वर शहराच्या बाजूपर्यंत येतो, हे स्थानिकाला ठाऊक असते, पण नोकरीनिमित्त जवाहरनगरला किंवा वरठीला आलेल्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ अशी नोंद असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. अभिलेखात ‘झुडपी जंगल’ असा शब्द असेल, जो पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांतील महसुली नोंदींत जागोजाग आढळतो, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निर्णयानुसार ती वनजमीन समजली जाते, मग तिच्यावर एकही झाड उभे नसो. यांपैकी एखादी गोष्ट माहीत असूनही जो दलाल ‘हायवे टच, उत्तम गुंतवणूक’ एवढेच लिहितो, त्याचा एकही शब्द खोटा नसेल, आणि तरीही त्याची वाणी सम्यक् नाही.

येथे असा आक्षेप घेतला जातो की जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती असणार हे सगळ्यांनाच कळते आणि पारख करणे घेणाऱ्याचे काम आहे. हा आक्षेप जुन्या पद्धतीच्या व्यवहाराला काही अंशी लागू होता, आजच्या व्यवहाराला होत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाच्या प्रकरणात असे विधान आहे की जमीन घेण्याचा पहिला हक्क क्रमाने आप्त, शेजारी आणि धनको यांचा असावा, आणि विक्रीची घोषणा शेजारच्या चाळीस कुळांसमोर, त्या जागीच, सीमा जशा आहेत तशा सांगून करावी व किमतीचा पुकारा तीनदा करावा. या विधीचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे, कारण तेथे ऐकणारे हेच साक्षीदार असतात: ज्याच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, धुरा लागून आहे त्याच्यासमोर सीमा खोटी सांगता येत नाही. समाजमाध्यमाने ऐकणाऱ्यांची संख्या अतोनात वाढवली, पण त्यांच्यातले जाणकार नाहीसे केले. पुण्यात किंवा आखाती देशात बसून गावाकडे प्लॉट शोधणाऱ्याला बोलणारा एकटाच दिसतो, धुरेकरी दिसत नाही, आणि म्हणून पूर्वी चाळीस कुळे मिळून जी जबाबदारी वाहत होती ती आता एकट्या बोलणाऱ्यावर येते.

कायद्याने ही जबाबदारी काही प्रमाणात ओळखली आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने दलालाच्या व्याख्येत कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्याची व विकणाऱ्याची गाठ घालून देऊन मोबदला घेणाऱ्याचा समावेश केला आहे, त्याला नोंदणी सक्तीची केली आहे, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री आणि दिशाभूल करणारी विधाने यांना मनाई केली आहे, आणि उल्लंघनासाठी दिवसाला १०,००० रुपये दंडाची तरतूद ठेवली आहे. महारेराने, म्हणजे या अधिनियमाखालील राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३ पासून दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षा आणि प्रकल्पांच्या जाहिरातींसाठी क्यूआर कोड आवश्यक केला. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतचे छोटे प्रकल्प आणि शेतजमिनीची साधी खरेदी-विक्री या चौकटीबाहेर राहते, आणि मोहाडी, लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील गावपातळीवरची मध्यस्थी बहुतांशी याच बाहेरच्या क्षेत्रात घडते. जिथे कायदा विचारत नाही, तिथे शीलच विचारणार.

मग ओळखींचे जाळे विणणे योग्य की अयोग्य, याचे सर्वांत समर्पक उत्तर अंगुत्तर निकायातील दुसऱ्या पापणिक सुत्तात सापडते. पापणिक म्हणजे दुकानदार. तीन गुणांनी युक्त दुकानदार लवकर भरभराटीला येतो असे तेथे म्हटले आहे: तो चक्षुमान असतो, म्हणजे माल किती किमतीचा, भांडवल किती आणि नफा किती हे त्याला दिसते, तो विधुर, म्हणजे घेण्यादेण्यात कुशल, असतो, आणि तो निश्रयसंपन्न असतो, म्हणजे धनवान गृहस्थ त्याला ओळखतात आणि विश्वासाने त्याच्या हाती आपले धन देतात. ओळख आणि पाठबळ यांना बुद्धाने येथे गुणच मानले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मात्र तो गुण तिसरा आहे, आणि गृहस्थ त्याला जवळ करतात ते पहिले दोन गुण पाहून. आजचे सल्ले तिसऱ्यापासून सुरू होतात आणि बहुधा तिथेच थांबतात. त्याहूनही सूक्ष्म गोष्ट अशी की हाच दृष्टांत भिक्षूला लावताना निश्रयाचा अर्थ बदलतो: ज्या बहुश्रुत ज्येष्ठांकडे जाऊन भिक्षू वेळोवेळी प्रश्न विचारतो, ते त्याचा निश्रय. म्हणजे खरे जाळे ज्यांना काही विकायचे त्यांचे नसून ज्यांना विचारायचे त्यांचे असते. भंडाऱ्याच्या दलालाला लावायचे तर गावचा तलाठी, मोजणी करणारा भूकरमापक, मामा तलावाचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचे, पाणी कुठवर चढते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहणारा ढीवर, आणि शेजारच्या बांधीत राबणारा शेतकरी, हे त्याचे निश्रय होत; यांना न विचारता पाच हजार अनुयायी जमवणारा दलाल पापणिक सुत्ताच्या अर्थाने निराधारच आहे.

दोन्ही बाजूंनी दलाली घेण्याच्या रूढीलाही हीच कसोटी लावावी लागते. घेणारा आणि देणारा या दोघांचे हित परस्परविरुद्ध असताना एकच माणूस दोघांचा हितचिंतक असू शकतो तो फक्त सत्य दोघांनाही सारखेच सांगून, आणि आपण कोणाकडून किती घेणार हे आधीच उघड करून. ते उघड नसेल तर तो दोघांपैकी कोणाचाच मित्र राहत नाही.

या विचारातून निघणारा निर्णय स्पष्ट आहे: समाजमाध्यमावरून गिऱ्हाईक शोधणे धर्मविरुद्ध नाही, पण गट क्रमांक, जमिनीचा भोगवटा वर्ग, लागू असेल तेथे महारेरा नोंदणी, दलालीची अट आणि पावसाळ्यात काढलेले छायाचित्र यांवाचून टाकलेली जाहिरात अपुरी आहे, आणि जाणूनबुजून अपुरी ठेवलेली जाहिरात हा मृषावादच आहे. घेणाऱ्यानेही इसार देण्यापूर्वी सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ हा रकाना स्वतः वाचावा आणि शेजारच्या धुरेकऱ्याशी एकदा बोलावे.