भाव पोचतो, पाणी नाही

आजचं वाचन गीता, अध्याय ९, श्लोक २६. पान, फूल, फळ, पाणी, जे काही भक्तीने द्याल ते मी स्वीकारतो, असं भगवंत सांगतात. आपल्या बहुतेकांना पाठ असतो. आज मात्र मी तिथेच अडकले, कारण समोर गॅलरीत वाळलेली तुळस होती.

आजी गेल्यावर तिच्या वृंदावनातलं रोप मी पुण्याला आणलं. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी, एक दिवस चुकवला नाही. भर पावसाळ्यातसुद्धा! पानं मलूल दिसली की अजून घालायचे. शेवटी आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं. "अगं, मुळं कुजलीयेत तिची. कुंडीला खाली भोक तरी आहे का?"

नव्हतं.

मुळं झाडाला धरून ठेवतात, पाणी आणि क्षार शोषतात, हे शाळेत शिकलोय. पण मुळांनाही श्वास लागतो, हे मी विसरले. मातीतल्या पोकळ्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की मुळं गुदमरतात. मग खोडातून वर पाणी चढत नाही. जे पान उन्हात सगळ्या झाडाचं अन्न तयार करतं, ते ओल्या मातीवर तहानेने सुकतं. आणि पान सुकलं की खोडातून खाली मुळांकडे जाणारी साखरही थांबते.

गंमत बघा, श्लोकाच्या यादीत मूळ आणि खोड नाहीत. पान-फूल दिलं तरी झाड जगतं. मंजिरी खुडली तर तुळस उलट जास्त फुटते. मूळ काढून दिलं तर संपलंच. (हा माझा आपला तर्क.)

पण माझा भाव तर खरा होता, मग चुकलं काय? मला वाटतं, 'भाव पुरे' हे वचन देवाने स्वतःपुरतं दिलंय. तो गोड मानून घेतो. तुळशीला ते जमत नाही, माणसांनाही नाही. मी ते परस्पर सगळ्यांना लावलं. त्या तांब्यात आजीची आठवण होती, माझा नेम होता, पण तुळशीला काय हवंय हे कुठेच नव्हतं. "मी प्रेमानेच केलं ना!" हे मी आईलाही किती वेळा ऐकवलंय.

वाळलेलं खोड टाकवत नाहीये. वारकऱ्यांच्या माळेचे मणी तुळशीच्या लाकडाचेच असतात ना. मंजिऱ्या चोळून बी काढलंय. नव्या कुंडीला भोकं आहेत, मी तीनदा बघितलं. उद्यापासून आधी मातीत बोट, मग तांब्या.