न पटलेलं वाक्य आणि प्रभूचं मेज

शंका : पाळकसाहेब, मी मूळची नगरची, आता लेस्टरला असते. इथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळीत आम्ही नेमानं जातो. पण रविवारी विश्वासांगीकार म्हणताना कुमारीजन्माच्या आणि देहाच्या पुनरुत्थानाच्या वाक्यांपाशी माझी जीभ अडते. येशूवरचा भरवसा ढळलेला नाही, प्रार्थना सुटलेली नाही. तरी जे मनाला पटत नाही ते चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं, हे ढोंग नव्हे का? शंका फिटेपर्यंत प्रभुभोजन घेणं थांबवावं का? मोठ्या जाऊबाई म्हणतात, शंका सैतानाकडून येते, उपास कर आणि घालवून टाक. मुलाचं दृढीकरण जवळ आलंय. परवा त्यानंच विचारलं, ‘आई, तू हे सगळं खरंच मानतेस का?’ काय सांगू?
— एक भगिनी, लेस्टर

समाधान : ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. प्रभुभोजन थांबवू नका. ज्या वाक्यापाशी जीभ अडते तिथे गप्प उभं राहायला हरकत नाही, आणि सगळ्यांबरोबर म्हटलंत तरी ते खोटं बोलणं होत नाही. ढोंग होईल ते वेगळ्या ठिकाणी : कोणी समोर बसून सरळ विचारलं आणि तुम्ही नसलेली खात्री असल्याचं सांगितलं, तर. तुमच्या मुलानं नेमकं तेच विचारलंय, म्हणून त्याच्याकडे शेवटी येतो. जाऊबाई सांगतात तो उपासही अवश्य करा, उपासानं कोणाचं वाईट झालेलं नाही. फक्त शंका हाकलण्यासाठी करू नका. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य उठलेल्या प्रभूला पाहतात, त्याला नमन करतात, आणि तिथल्या तिथे मत्तय नोंदवून ठेवतो की काहींना संशय वाटला. त्यानंतर प्रभू संशयवाल्यांना बाजूला काढून उरलेल्यांना आज्ञा देत नाही. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा अकराही जणांना सारखीच मिळते. लिहिणाऱ्याला ही गोष्ट सहज झाकता आली असती. त्यानं झाकली नाही.

इंग्लंडात राहून हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही काही पहिल्या मराठी बाई नव्हेत. पंडिता रमाबाई मे १८८३ मध्ये इथे आल्या. पुण्यात काम करणाऱ्या सेंट मेरी द व्हर्जिन भगिनीसंघाशी त्यांची ओळख होती, त्या संघाच्या वाँटेज गावच्या मठात त्या उतरल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. पुढे त्या चेल्टनम लेडीज कॉलेजात गेल्या, आणि १८८५ मध्ये वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार पेटला तो आज छापील मिळतो. तुमची अडचण दोन वाक्यांची आहे; रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतापाशीच थबकल्या होत्या आणि अथनेशियन विश्वासांगीकार मान्य करणं त्यांना जमत नव्हतं. जेराल्डीनबाईंचं म्हणणं असं, की बाप्तिस्मा घेतलास त्या अर्थी चर्चची शिकवण पत्करलीस. आता तीत खोट काढणं हा निव्वळ गर्व. रमाबाईंनी उलट लिहिलं, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता पाद्री सांगतील ते ते सगळं परमेश्वराची आज्ञा म्हणून मानून तसलंच दुसरं जू घेणार नाही. वाद क्रुसापर्यंत पोचला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी? ते ना मला कळतात ना माझ्या देशातल्या बायकांना. शब्द कोरायचेच असतील तर संस्कृतात कोरा, असं त्यांनी कळवलं. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, माझ्या देशातली सर्वांत जुनी आणि सुंदर भाषा म्हणून, हेही बजावलं. चेल्टनमच्या प्रमुख डोरोथिया बील यांना मात्र या बाईंची जात ओळखता आली. रमाबाईंना ख्रिस्ती धर्म नुसता इतिहासाचा दाखला म्हणून गळी उतरवता येणार नाही, त्यांना त्याचा तत्त्वज्ञान म्हणून अभ्यास करू द्या आणि तो त्यांच्या विवेकबुद्धीला पटू द्या, असा बीलबाईंचा सल्ला होता. माझ्या मते त्या साऱ्या वादात पाळकाचं काम केलं ते या शाळामास्तरणीनं.

आता ज्या अथनेशियन विश्वासांगीकारावरून रमाबाईंना गर्विष्ठ ठरवलं गेलं त्याची कथा ऐका. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तो वर्षातून तेरा दिवशी, नाताळ, ईस्टर, त्रैक्याचा रविवार आणि काही प्रेषितांच्या सणांना, सकाळच्या उपासनेत म्हणण्याचा नियम होता. हा विश्वास जो अखंड राखणार नाही त्याचा सर्वकाळचा नाश होईल, अशी त्यात स्पष्ट वाक्यं आहेत. रमाबाई इथे येण्याच्या दहा-बारा वर्षं आधी याच वाक्यांवरून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये रण माजलं होतं. वेस्टमिन्स्टर ॲबीचे डीन स्टॅनली ती वाक्यं उपासनेतून जावीत म्हणून झगडत होते, ऑक्सफर्डचे डॉ. प्यूसी त्यांच्या विरोधात उभे होते. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चनं तर १७८९ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकातून हा अंगीकार काढूनच टाकला होता. आयर्लंडच्या चर्चनं १८७८ मध्ये तो छापील ठेवला, पण म्हणण्याची सक्ती काढली. म्हणजे वाँटेजमध्ये जो एका मराठी बाईचा गर्व ठरला, तो आक्षेप खुद्द इंग्रज डीनाच्या तोंडी मात्र विद्वानांचा मतभेद होता. आज या देशातल्या बहुतेक मंडळ्यांत हा अंगीकार वर्षातून एकदाही कानावर पडत नाही. त्यातला सिद्धांत चर्चनं सोडलेला नाही, फक्त माणसाच्या तोंडून काय वदवून घ्यायचं याची मोजमापं बदलली. सत्य काय आणि सक्ती कशाची करायची, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि तुमच्या जाऊबाईंप्रमाणेच जेराल्डीनबाईंनीही ते एक करून टाकले.

यावर तुम्ही म्हणाल, ते असो, पण तोंडानं म्हणायचं आणि मनानं न मानायचं हे शेवटी ढोंगच. हा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा मरतात, ते जमिनीच्या पैशातला काही भाग मागे ठेवला म्हणून नव्हे. पेत्र स्वतःच सांगतो, की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. गुन्हा हा, की थोडं आणून ते सगळं असल्याचं भासवलं. विश्वासालाही हाच न्याय लावावा. जेवढा आहे तेवढा आणा, अर्धा असेल तर अर्धा. अर्ध्याला पूर्ण म्हणू नका. मग अख्खा अंगीकार म्हणणं हे अर्ध्याला पूर्ण म्हणणं नव्हे का? नव्हे, कारण उपासनेतला अंगीकार ही कोर्टातली साक्ष नाही. मंडळी तिथे आपला विश्वास म्हणते, आणि तुम्ही त्या मंडळीच्या आहात. तुमच्या एकटीच्या अंतःकरणाचा पंचनामा तिथे चाललेला नसतो. हा फरक माझ्या सोयीसाठी मी काढलेला नाही, चर्चनं तो स्वतःच पाळलाय. बाप्तिस्म्याच्या वेळी विचारणा होते ती प्रेषितांच्या अंगीकारावर. आपली शिकवण मांडणाऱ्या एकोणचाळीस धर्मकलमांवर चर्चनं सह्या घेतल्या त्या पाळकांच्या, सामान्य मंडळीच्या नव्हेत.

सामान्य माणसाकडून सही घेतली की काय होतं, तेही या देशानं करून पाहिलंय. १८५४ पर्यंत ऑक्सफर्डात प्रवेश घ्यायचा तर कोवळ्या पोरांना या धर्मकलमांवर सही ठोकावी लागे. त्यातल्या कितींनी ती वाचली असतील? सक्तीनं शंका नाहीशी होत नाही, ती सहीच्या आड लपते, आणि खरं ढोंग तिथून सुरू होतं. केंब्रिजच्या हेन्री सिज्विक यांना ते सहन झालं नाही. या कलमांना आपण प्रामाणिकपणे मान्यता देऊ शकत नाही म्हणून १८६९ मध्ये त्यांनी ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप सोडली; दोनच वर्षांनी पार्लमेंटनं कायदा करून ही अट बहुतेक पदांवरून उठवली. याच विषयावर त्यांनी छोटं पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी केलेली वाटणी मला अजून बरोबर वाटते : बाकावर बसणाऱ्याला बरीच मोकळीक, व्यासपीठावर उभं राहणाऱ्याला कडक नियम. पाळक मंडळीच्या नावानं बोलतो, त्याच्या शब्दावर लोक मरणाच्या दारात टेकतात. तो आतून रिकामा असेल तर त्यानं ते निदान आपल्या बिशपला सांगायला हवं. तुम्हाला हे ओझं नाही. उद्या रविवारच्या शाळेत शिकवायला बसलात तर मात्र थोडं येईल. तिथे मंडळीची शिकवण मंडळीची म्हणून सांगा, आणि आपली शंका मंडळीच्या नावावर खपवू नका.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : मग कोणीही काहीही मानावं आणि मेजापाशी यावं? इथे मला जेराल्डीनबाईंच्या बाजूनंही चार शब्द बोलले पाहिजेत. मराठी वाचक त्यांना खलनायिका करून मोकळे होतात. त्यांनीच रमाबाईंची पत्रं जपली, जमवून ठेवली, आणि त्यांत त्यांच्यावरच कोरडे ओढलेले आहेत. त्यांना भीती होती ती खरी होती : ज्याला हटकणारं कोणी नाही असा एकट्याचा विश्वास हळूहळू आपल्याच आवडीनिवडींची पूजा होऊन बसतो. म्हणून मी शंकेला मोकळं रान देत नाही. शंका मंडळीत राहून बाळगावी, इतरांसमोर ठेवावी, तिला उत्तर मिळू द्यावं. हद्द विचाराल तर माझ्या मते ती एकच : ख्रिस्तावर भरवसा टाकण्याची इच्छाच उरली नसेल, तर मेज ओढूनताणून धरू नये. सिज्विक पुन्हा चर्चच्या विश्वासाकडे परतले नाहीत. त्यांच्या सचोटीला मी मान देतो, आणि शंका घेणारा प्रत्येक जण शेवटी देवळातच येतो असं खोटं आश्वासन तुम्हाला देत नाही.

रमाबाई राहिल्या. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्यांनी इंग्लंड सोडलं आणि आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिका गाठली. धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशी बाप्तिस्म्यानंतरच्या कित्येक वर्षांबद्दलची कबुली त्यांनीच १९०७ मध्ये आपल्या आत्मवृत्तात दिली. त्या वर्षांतही त्या ख्रिस्ती म्हणूनच जगत होत्या, आपल्या शारदासदनात विधवा मुली सांभाळत होत्या. नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरवण्याचं काम त्यांनी हाती घेतलं आणि १९२२ मध्ये डोळे मिटण्यापूर्वी पुरं केलं. बाप्तिस्म्याआधी ज्यांच्या लेखनानं त्यांचं मन वळलं, ते काशीचे नीळकंठशास्त्री गोरे हेही शंकांनी जन्मभर पोळलेले गृहस्थ, आणि तसेच ते पाळक झाले. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस आज पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. तिची शंका म्हणजे गर्व, असं याच चर्चच्या मठात तिला ऐकवलं गेलं होतं.

आता मुलाचं. दृढीकरणाच्या उपासनेत बिशप प्रश्न विचारतात ते उमेदवारांना, आईबापांना नव्हे. अंगीकारात सगळी मंडळी सूर मिळवते. तेव्हा त्या दिवशी तुमच्यावर वेगळी परीक्षा नाही. पण घरात त्यानं विचारलंय आणि तिथे सुटका नाही. ‘हो, सगळं मानते’ असं सांगून विषय संपवू नका. पोरांना ते कळतं, आणि पुढे तुमच्या खऱ्या विश्वासावरही ती विश्वास ठेवत नाहीत. तुम्ही रोज कोणाला प्रार्थना करता आणि का करता ते आधी सांगा, मग ही दोन वाक्यं मला अजून उलगडलेली नाहीत हे सांगा, आणि मंडळी ती शतकानुशतकं का म्हणत आली आहे हे मला शिकायचंय, असंही सांगा. तुमची शंका त्याला निकाल म्हणून देऊ नका. त्याचं उत्तर त्याचं त्याला शोधू द्या. त्याला अजून थांबावंसं वाटलं तर थांबू द्या, दृढीकरण पुढच्या वर्षीही होतं. आणि बिशप यायच्या आधी एक संध्याकाळ तुमच्या व्हिकारांकडून मागून घ्या. हे पत्र मला लिहिलंत तसंच त्यांच्यापुढे ठेवा. ते रागावले तर दुसऱ्या पाळकाकडे जा, पण येत्या रविवारी प्रभूच्या मेजापाशी या.